वास्तूचे मोल आणि तिची साक्ष



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरसाल येथे जमता, त्यांनी या पंचक्रोशीतील दोन पिढ्यांना अंकगणित शिकविले, असे या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला पत्राने कळविले, तेव्हाच विषय निश्चित झाला. माझे आयुष्य लोकांची घरे मोजण्यात आणि त्यांचे मोल कागदावर उतरविण्यात गेले. बँकांसाठी, वाटणीच्या दाव्यांत, क्वचित भूसंपादनाच्या प्रकरणांत मी हे काम केले, आणि त्या काळात एक गोष्ट मनास सतत सलत राहिली: ज्याचे घर, त्यालाच ते मोल कशाच्या आधाराने ठरते याची बहुधा कल्पना नसते. जन्मभराची पुंजी घालून, प्रसंगी बायकोचे डाग मोडून माणूस घर बांधतो. आणि त्या घराची किंमत ठरण्याच्या दिवशी मात्र तो ओसरीवर परक्यासारखा उभा राहून साहेबांना चहा हवा की सरबत एवढेच विचारतो. ही स्थिती पालटावी या तळमळीने मी आज बोलणार आहे.

घराच्या किमतीचा प्रश्न एरवी निघत नाही. कर्ज काढावयाचे असते तेव्हा निघतो, विक्री करावयाची असते तेव्हा निघतो, भावंडांत वाटणी व्हावयाची असते तेव्हा निघतो, आणि सरकार जागा घेऊ पाहते तेव्हा निघतो. या प्रत्येक प्रसंगी कोणी तरी फीत आणि कॅमेरा घेऊन येतो, अर्ध्या-पाऊण तासात घर पाहून जातो, आणि आठ-दहा दिवसांनी एक आकडा समोर येतो. तो आकडा त्या अर्ध्या तासात ठरला, असा सर्वसाधारण समज असतो, आणि म्हणून रंगसफेदीची, पाहुणचाराची, कधी कधी शिफारशीचीही धावपळ होते. वस्तुतः त्या आकड्याचा फार मोठा भाग तो मनुष्य दारात येण्यापूर्वी, कित्येकदा वीस-तीस वर्षांपूर्वी, कोणत्या तरी दस्तऐवजात ठरून गेलेला असतो.

मोल ठरविण्याची शास्त्रशुद्ध पद्धती या प्रदेशास नवी नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि मुंबई इलाख्याची जमीनपाहणी ही त्या काळच्या हिंदुस्थानातील अत्यंत काटेकोर पाहणी म्हणून नावाजलेली होती. प्रिंगलसाहेबाची पहिली पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ साली इंदापुरापासून नव्याने आरंभ केला. पुढे दक्षिण महाराष्ट्राच्या, म्हणजे आपल्याच मुलखाच्या पाहणीची सूत्रे विंगेटकडे आली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम एकत्र झाले. प्रत्येक शेताचे काल्पनिक चौकोनी भाग पाडावयाचे, प्रत्येक भागात खणून माती किती हात खोल आहे ते पाहावयाचे, तिचा रंग आणि पोत पाहून तिला प्रतवारीत बसवावयाचे. पावणेदोन हात खोल, काळी, एकसारखी माती म्हणजे सोळा आणे. तेथून उतरत उतरत नवव्या प्रतीस दोन आणे. मातीत चुनखडी असेल, वाळू असेल, जमीन उतरती असेल, पाणी वाहून पिकावरून जात असेल, किंवा खालून उपळ फुटून ती वाजवीपेक्षा ओली राहत असेल, तर त्या त्या दोषाची खूण नकाशावरील चौकोनात करावयाची आणि एकेका दोषास एकेक प्रत उतरवावयाची. या प्रतवारीवरून बसलेला आकार, म्हणजे शेतसारा, तीस वर्षांसाठी कायम होई, आणि त्या मुदतीत कुणब्याने स्वखर्चाने विहीर पाडली किंवा बांध घातला तर त्या सुधारणेमुळे त्याच्यावर अधिक आकार बसवावयाचा नाही, हे तत्त्व पाळले जाई.

मला या पद्धतीचे दोन गुण आजही अनुकरणीय वाटतात. एक असा की, तीत मत नव्हते, निरीक्षण होते. कारकून चुकला असेल तर दुसरा कारकून तेथेच खणून त्याची चूक दाखवू शके. दुसरा असा की, दोषाची खूण उघड होती. उणीव मात्र एकच, पण मोठी होती. ज्याच्या शेतात खणले जाई, त्याला त्या चौकोनांतील खुणांचा अर्थ कोणी समजावून सांगत नसे. आज आपल्या घरांच्या बाबतीत तीच उणीव जशीच्या तशी शिल्लक आहे.

आता बाजारभाव म्हणजे काय, ते पाहू. विकण्याची सक्ती नसलेला विक्रेता आणि घेण्याची निकड नसलेला खरेदीदार, दोघेही वस्तुस्थितीची पूर्ण माहिती असलेले, ज्या रकमेवर एकमत होतील ती रक्कम, अशी व्याख्या न्यायालयांनी मान्य केलेली आहे. १९३९ साली विशाखापट्टणमच्या बंदराजवळील एका जमिनीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, जमिनीच्या आजच्या उपयोगाबरोबर तिच्या अंगी असलेल्या संभाव्य उपयोगाचाही विचार झाला पाहिजे, आणि तो उपयोग करून घेऊ शकणारा एकमेव खरेदीदार खुद्द संपादन करणारी संस्था असली तरीही तो विचार टाळता येणार नाही. आपल्या हिंडलग्यासारख्या, एका बाजूने बेळगावच्या लष्करी कॅम्पास आणि शहरास भिडलेल्या व दुसऱ्या बाजूने वेंगुर्ले रस्त्याने चंदगडकडे उघडणाऱ्या गावी या तत्त्वाचे महत्त्व किती, हे निराळे सांगावयास नको.

याखेरीज आणखी एक किंमत असते, ती सरकारची. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी कर्नाटक सरकारने भागवार दर ठरवून दिलेले आहेत. त्यांस मार्गदर्शक मूल्य म्हणतात, आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रात त्याच कामासाठी जो दरतक्ता असतो त्यास लोक रेडीरेकनर म्हणतात. हे दर एका संपूर्ण रस्त्यास किंवा वसाहतीस लागू असतात; तुमच्या घराची ओल, उजेड किंवा पायाची मजबुती त्यांस ठाऊक नसते. बँकेच्या अहवालात ही किंमत नोंदविली जाते, पण बँकेस त्याहून अधिक महत्त्वाचे असते ते हे की, कर्ज थकले आणि घाईने लिलाव करावा लागला तर हाती किती येईल. म्हणून बाजारभावाखालोखाल वसूल होण्याजोगी किंमत आणि निकडीच्या विक्रीची किंमत असे आणखी दोन उतरते आकडे तेथे असतात. हे सर्व आकडे एकाच घराचे असून निरनिराळे का, असे विचारणारा गृहस्थ रागावलेला असतो. पण प्रश्न निराळे म्हणून उत्तरे निराळी, इतकेच त्यात आहे.

हिशेब कसा होतो ते एका कल्पित उदाहरणाने दाखवितो. यातील दर केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब, म्हणजे बाराशे चौरस फुटांची जागा आहे, तिचा दर चौरस फुटास अडीच हजार धरला तर जागेचे ३० लाख झाले. तिच्यावर पंधराशे चौरस फुटांचे पक्के बांधकाम असून तसेच घर आज नव्याने बांधण्यास चौरस फुटास दोन हजार लागतील असे मानले तर तेही ३० लाख. परंतु घर वीस वर्षांचे आहे, आणि अशा बांधकामाचे आयुष्य साठ वर्षे धरले, शेवटी मोडतोडीचे म्हणून दहा टक्के उरतील असे गृहीत धरले, तर उरलेल्या नव्वद टक्क्यांपैकी एकतृतीयांश, म्हणजे ९ लाख, घसारा म्हणून वजा होतात आणि बांधकामाचे २१ लाख राहतात. एकूण ५१ लाख. हे घर विकत घेणाऱ्यास, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांवरील आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जास किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे, ४० लाख ८० हजारांहून अधिक कर्ज मिळावयाचे नाही. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्याला पदरचा करावा लागेल. या हिशेबात जागा झिजत नाही, घर झिजते. म्हणून घरावर दहा लाख खर्चून किंमत दहा लाखांनी वाढेल, ही अपेक्षा बहुधा फळत नाही.

घर किती झिजले हे मात्र केवळ वयावरून ठरत नाही, आणि येथे आपल्या हवापाण्याचा प्रश्न येतो. बेळगावच्या पश्चिमेस सह्याद्रीकडे जावे तसतसा पाऊस वाढत जातो. त्या पावसाने जुन्या कौलारू घरांचे वासे आणि भिंतींचे पायथे आधी ओल धरतात. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेने कठीण होत जातो. त्याच्या भिंतीने ओढलेले पाणी उन्हाळ्यात पुन्हा बाहेर पडावे लागते. अशा भिंतीस कोणी घाईने सिमेंटचा गिलावा थापला की ते पाणी आत कोंडते, दोन पावसाळ्यांत गिलावा फुगतो, आणि मूल्यांकनास आलेला अभियंता त्या फुगवट्यावर बोटाच्या पेराने टकटक करतो, पोकळ आवाज ऐकतो, आणि वहीत काही लिहितो. मालकाला वाटते की त्याने रंगाविषयी लिहिले. त्याने लिहिलेले असते ओलीविषयी, आणि तिच्यापायी घराचे उरलेले आयुष्य त्याच्या हिशेबात कमी झालेले असते. नवीन वसाहतींत निराळाच धोका आहे: भातशेतीच्या खाचरांत भराव घालून पाडलेल्या प्लॉटवर पाया मूळ घट्ट जमिनीपर्यंत गेला नसेल तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. गळती आधी थांबवावी, कौले पावसापूर्वी परतून घ्यावी, आणि झालेल्या दुरुस्तीची पावती व छायाचित्रे जपून ठेवावी. रंग मग द्यावा, न दिला तरी चालेल. भेग बुजवून वरून रंग देणे हा तर स्वतःचा घात आहे, कारण बुजविलेली भेग जाणकारास उघड्या भेगेपेक्षा अधिक शंकास्पद दिसते.

परंतु माझ्या अनुभवास आलेली बहुतेक घरे ओलीने हरलेली नाहीत, कागदांनी हरलेली आहेत.

या सीमाभागातील एखाद्या जुन्या कुटुंबाची पत्र्याची पेटी उघडावी. तळाशी मोडी लिपीतील वाटणीपत्र असते. त्याच्यावर मुंबई सरकारच्या काळचे खरेदीखत आणि इंग्रजीतील मोजणीचा कागद. त्याच्यावर १९५६ नंतरचे, हळूहळू कानडीत होत गेलेले उतारे आणि फेरफार. आणि सर्वांत वर संगणकाने छापलेली पंचायतीची पावती. एकाच जागेविषयी इतक्या लिपींतून लिहिले गेले की नावे बदलतात. आजोबांचे आडनाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर एका अक्षराने निराळे. तिसऱ्यावर आडनावच नाही, केवळ स्वतःचे आणि वडिलांचे नाव. जुन्या खतांत बेलगाम, तर २०१४ नंतरच्या कागदांत बेळगावी. घरातल्या माणसांस यात काहीच वावगे दिसत नाही, कारण त्यांना आपला आजा ठाऊक असतो. बँकेच्या वकिलास तो ठाऊक नसतो. त्याच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी माणसे असतात, आणि त्या दोघांना एक ठरविणारा पुरावा देण्याचे ओझे मालकावर पडते.

म्हणून मी कळकळीने सांगतो की, ज्यांच्या घरी मोडी कागद आहेत त्यांनी ते आजच जाणकाराकडून वाचवून त्यांचे बाळबोध लिप्यंतर करून ठेवावे, आणि ज्यांना कानडी वाचता येत नाही त्यांनी आपल्या उताऱ्यावरील प्रत्येक रकाना कोणाकडून तरी शब्दशः समजावून घ्यावा. मराठीविषयीचा आपला आग्रह आपल्या ठायी आहे आणि त्यासाठी हिंडलग्याने काय सोसले हे येथील हुतात्मा स्मारक सांगते. परंतु आपल्या नावाच्या उताऱ्यात काय लिहिले आहे ते न वाचणे हा त्या आग्रहाचा भाग असू शकत नाही. घरातील शाळकरी मुलास कानडी वाचता येत असेल तर त्यालाच जवळ बसवावे. यात कमीपणा नाही.

त्या कागदांत पाहावयाचे काय? प्रथम हे की, जागा गावठाणातील आहे, बिनशेती झालेली आहे, की कागदोपत्री अद्याप शेतच आहे. ज्या काळी शेतांचे गुंठे पाडून साध्या मुद्रांकावर विक्री झाली त्या काळची अशी कित्येक घरे हिंडलगा, सुळगा, उचगावच्या परिसरात आहेत. तीन मजली इमारत उभी आहे, नळ आहे, वीज आहे, घरपट्टी भरली जाते, आणि उतारा मात्र शेताचा. घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. बिनशेतीचा हुकूम आणि बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, किंवा त्या काळच्या सक्षम अधिकाऱ्याची आराखड्यास मंजुरी यांवाचून अशा इमारतीवर बँक बहुधा कर्ज देत नाही. पंचायत हद्दीतील मालमत्तेस ई-स्वत्तू योजनेखाली नमुना ९ व नमुना ११ यांचे उतारे मिळतात. त्यांतही ११-ब या नोंदीकडे अनेक बँका साशंकतेने पाहतात, म्हणून आपली नोंद कोणती हे आधीच जाणून घ्यावे. कॅम्पातील जुन्या बंगल्यांची गोष्ट आणखी निराळी. तेथे कित्येक ठिकाणी जमीन सरकारची आणि केवळ इमारत राहणाऱ्याची असते, मग मोल इमारतीचेच होणार.

त्यानंतर बोजा. वडिलांनी कधी काळी कृषी पत्तीन संघाचे, म्हणजे शेती पतसंस्थेचे, पीककर्ज काढलेले असते, ते फेडलेलेही असते, परंतु बोजा कमी झाल्याची नोंद करून घ्यावयाची राहून गेलेली असते. उताऱ्यात ती एक ओळ तशीच बसून राहते आणि पंचवीस वर्षांनी नातवाचे कर्ज अडविते. फेडीचा दाखला देणारी संस्था तोपर्यंत दुसरीत विलीन झालेली असली तर त्या एका ओळीपायी सहा महिने हेलपाटे घालावे लागतात. दुय्यम निबंधकाकडून मिळणारे बोजा प्रमाणपत्र, ज्यास आपण सर्रास ई.सी. म्हणतो, ते काढून पाहण्यास फारसा खर्च येत नाही.

आणि चतुःसीमा. खरेदीखतात पूर्वेस अमक्याची जागा, पश्चिमेस रस्ता, असे लिहिलेले असते. मूल्यांकन करणारा प्रथम तेच जागेवर जुळवून पाहतो. शेजारच्या जागा दोन-तीन हातांतून गेल्यामुळे नावे जुळत नाहीत, किंवा रस्ता म्हणून लिहिलेला बोळ कोणी तरी भिंत घालून बंद केलेला असतो. खतातील क्षेत्र आणि फितीने भरलेले क्षेत्र यांत तफावत आली तर जे कमी तेच धरले जाते. मंजूर नकाशाबाहेर मागे काढलेली खोली, वर घातलेला पत्रा, पुढची दुकानाची शेड, यांवर खर्च कितीही झालेला असो, अहवालात त्यांची किंमत बहुधा शून्य असते.

येथे मला एका सार्वत्रिक सवयीविषयी परखडपणे बोलले पाहिजे. जागेचा सौदा एका रकमेचा करावयाचा आणि खतात मार्गदर्शक मूल्याइतकीच रक्कम लिहावयाची, उरलेली रोखीने द्यावयाची, ही रीत इतकी रुळली आहे की तिच्यात कोणास अपराध वाटेनासा झाला आहे. कायद्याचा भंग तर त्यात आहेच. पण मी त्याच्या पुढच्या परिणामाकडे लक्ष वेधतो. मूल्यांकनाचा मुख्य आधार म्हणजे आसपासच्या नोंदलेल्या विक्रीखतांतील किमती. उद्या सरकारने रस्त्यासाठी जागा घेतली तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे बाजारमूल्य ठरविताना मुद्रांकाचे दर आणि मागील तीन वर्षांतील तशाच जागांची नोंदलेली खते, त्यांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी, हेच पाहिले जाते. हलगा-मच्छे बायपासच्या निमित्ताने या तालुक्यातील शेतकऱ्यांनी जमिनीसाठी किती वर्षे झगडा दिला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा झगड्यात मोबदल्याचा प्रश्न येतो तेव्हा शेतकरी म्हणतो, येथे गुंठ्याचा भाव इतका आहे. आणि अधिकारी त्याच गावच्या लोकांनी सह्या केलेली खते पुढे ठेवतो. वाचविलेला मुद्रांक काही हजारांचा असतो, आणि तो एकाने वाचविलेला असतो. नुकसान साऱ्या शिवाराचे होते.

दुसरी सवय याहूनही मनास लागणारी आहे. वडिलार्जित घराची वाटणी होते तेव्हा बहिणींना बोलावून घेतात, साडी-चोळी होते, आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. त्या घराचे मोल काय, हे त्या वेळी बहुधा कोणी मांडतच नाही. कर्नाटकाने १९९४ सालीच हिंदू वारसा कायद्यात कन्येस सहदायादाचा दर्जा दिला, २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मसिद्ध असल्याचे नि:संदिग्धपणे सांगितले. बहिणीने आपखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण काय सोडले हे तिला कळल्यावाचून त्यास आपखुशी म्हणता येईल असे मला वाटत नाही. म्हणून वाटणीच्या प्रसंगी, ती बँकेसाठी नसली तरी, नोंदणीकृत मूल्यांककाकडून घराचे मूल्यांकन करून घ्यावे, आणि सह्यांपूर्वी तो अहवाल सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. जेथे मी हे घडवून आणू शकलो, तेथे काही घरांत कुरबुर झाली हे खरे. पण नंतरचे दावे टळले. एका घरी आकडा ऐकून थोरल्या भावानेच बहिणीसाठी परसाकडची खोली लिहून दिली. वाटणी तोंडी होऊन गेलेली असेल आणि मागाहून तिची केवळ याद लिहिली असेल तर तिचा विचार निराळ्या रीतीने होतो. पण जो कागद स्वतःच वाटणी करतो त्याची नोंदणी १९०८ च्या कायद्याप्रमाणे आवश्यक आहे, नाही तर तो पेटीत राहून पिवळा होतो आणि उपयोगाच्या वेळी उभा राहत नाही.

राहता राहिला प्रत्यक्ष पाहणीचा दिवस. कर्जाच्या प्रसंगी मूल्यांकक बँक नेमते. फी आपण भरतो म्हणून तो आपला होत नाही, आणि तसा करण्याचा प्रयत्नही करू नये. आपण घरी असावे. सर्व खोल्या, गच्ची, पाण्याची टाकी, विहीर किंवा कूपनलिका उघडून दाखवावी. कुलूपबंद खोली ही हिशेबात संशयाची खोली असते. मंजूर नकाशा, खत, अद्ययावत उतारा, कराची पावती आणि दुरुस्तीचे कागद यांची एक प्रत बांधून हाती द्यावी. मागील दोन-तीन वर्षांत आसपास खरोखरच वाजवी रकमेने नोंदलेली खते ठाऊक असतील तर त्यांचे नोंदणी क्रमांक लिहून द्यावेत. चावडीवर बोलल्या जाणाऱ्या भावाचा उल्लेखही करू नये. दोष असेल तो आपणच सांगावा आणि त्यावर काय उपाय केला तेही सांगावे.

आणि आकडा आल्यावर तो चुकीचा वाटला तर भांडू नये, अहवालाची प्रत लेखी अर्जाने मागावी. तीत प्रथम क्षेत्र पाहावे, मग घराचे वय, मग जागेचा दर कोणत्या खतांवरून घेतला ते. माझ्या पाहण्यातील बहुतेक चुका या तीनच ठिकाणी निघाल्या: मोजताना ओसरी सुटली, नव्या मजल्यास जुन्या मजल्याचे वय लागले, किंवा बोळातील जागेचा दर हमरस्त्यावरील जागेस लावला गेला. अशी चूक बोट ठेवून दाखविली तर बँका फेरपाहणी करतात, क्वचित दुसरा मूल्यांककही नेमतात. केवळ रक्कम कमी वाटते एवढ्या तक्रारीवर ती फेरपाहणी होत नाही. म्हणून अर्जात पान आणि रकाना यांचा उल्लेख करून, त्यासोबत आपला पुरावा जोडून, पोच घेऊन तो अर्ज शाखेत द्यावा.